पाण्याचा रंग पायातून येत नाही

सोसायटीच्या हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीला किंवा थेट घरी येऊन ‘डिटॉक्स पेडिक्युअर’, म्हणजे पायांवाटे अंगातली घाण काढण्याचा दावा असलेली पायांची सफाई, करून देणारे हल्ली बरेच फिरतात. पार्लरपेक्षा स्वस्त, घरच्या घरी आणि पहिली बैठक फुकट. फसवणूक त्या फुकट बैठकीतच होते, म्हणून ती नीट समजून घ्या.

प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी भरतात, त्यात ‘खास’ मिठाची पुडी सोडतात आणि वायर जोडलेला मुठीएवढा एक तुकडा पाण्यात ठेवतात. त्याला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. पाय आत घेऊन मशीन सुरू केलं की थोड्याच वेळात पाणी पिवळसर, मग विटकरी होतं. वर फेसाचा थर धरतो, तळाला काळे कण बसतात. मग छापील तक्ता पुढे येतो: नारिंगी म्हणजे सांध्यांतली घाण, तपकिरी म्हणजे यकृतातली. आपल्या अंगातून एवढं निघालं हे बघून कोणाच्याही पोटात गोळा येतो, आणि नेमकी त्याच वेळी सहा किंवा दहा बैठकींच्या पॅकेजची पावती फाडली जाते.

तो रंग गंजाचा आहे. अ‍ॅरेमध्ये लोखंडाच्या किंवा स्टीलच्या पट्ट्या असतात. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की एका पट्टीतलं लोखंड सुटून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, ते गंज वर घेऊन येतात, तोच फेस. मीठ लागतं ते वीज नीट वाहावी म्हणून. मीठ कमी-जास्त झालं, नळाऐवजी बोअरचं पाणी घेतलं, तरी रंगाची छटा बदलते. सांधे आणि यकृताचा त्याच्याशी संबंध नाही. अ‍ॅरे काही बैठकींनंतर बदलावा लागतो, हे विकणारेच सांगतात. पट्ट्या झिजतात म्हणूनच ना? झिजलेलं लोखंड त्या टबातच जातं.

पडताळणी अगदी सोपी आहे. तेवढंच पाणी, तेवढंच मीठ घ्या आणि पाय न घालता मशीन तेवढाच वेळ चालवायला सांगा. पाणी तसंच विटकरी होईल. ‘पायांशिवाय चालवलं तर मशीन बिघडतं’ असं उत्तर आलं तर व्यवहार तिथेच थांबवा. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर यात पाय घालूच नयेत.

याच मंडळींच्या पिशवीत तळपायाला रात्री लावायचे पॅच असतात. सकाळी ते काळे-चिकट झालेले दिसतात. आतल्या पुडीतली पावडर ओल लागली की काळी पडते आणि पायाला रात्री घाम येतोच. न वापरलेल्या पॅचवर कोमट पाण्याचे चार थेंब टाका, तोही काळा पडेल. असे पॅच विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये खटला भरला होता.

‘मृत त्वचा काढणाऱ्या’ जेलची गोष्ट जरा वेगळी. चोळलं की करड्या वळ्या निघतात आणि मळ निघाल्यासारखा वाटतो. बहुतेक वळ्या जेलमधल्याच घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाच्या असतात. धुतलेल्या त्याच टाचेवर लगेच पुन्हा जेल चोळून बघा. दुसऱ्यांदाही तेवढ्याच वळ्या निघाल्या तर त्या कातडीच्या नाहीत.

ब्लेडच्या खरवडणीला मात्र ठाम नकार द्या. टाचेची कातडी जाड होते ती दाब आणि घर्षणाने. वर कापून ते कारण जात नाही, आणि एक पापुद्रा खोल गेला की जखम होते. तेच ब्लेड आधी कोणाच्या पायाला लागलंय, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

खरा पेडिक्युअर घरात असलेल्या वस्तूंनी होतो. नखं कोरडी असतानाच सरळ रेषेत कापा, कडेने गोल कोरू नका. तिथेच नख मांसात घुसतं. पसरट टबात चार लिटर कोमट पाणी आणि एक चमचा शॅम्पू, बस. सोडा आणि लिंबू नको: सोड्याने कातडी आणखी कोरडी पडते, लिंबू भेगांत झोंबतं. दहा मिनिटं पुरे. मग वज्री हलक्या हाताने, एका टाचेला दोन मिनिटांहून जास्त नाही, आणि टाच अगदी गुळगुळीत व्हायच्या आधीच थांबा. जास्त घासलं की दुसऱ्या दिवशी चालताना चुरचुरतं. हे आठवड्यातून एकदाच. नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापू नका, मऊ झाल्यावर टॉवेलने मागे सारा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

फरक पडतो तो यानंतरच्या कामाने. कातडी किंचित ओलसर असतानाच युरियाचं क्रीम लावा: रोजसाठी दहा टक्क्यांचं, फार कडक टाचांना वीस ते पंचवीसचं. उघड्या भेगांवर ते झोंबतं. तिथे कोकणात वापरतात ते कोकमाचं तेल, म्हणजे मुठेल, गरम करून पातळ करायचं, सोसवेल इतकं निवलं की भेगेत भरायचं आणि वर सुती मोजे घालायचे. बेचक्यांत यातलं काहीच नको. दोन आठवडे रोज रात्री केलंत तर टाच बोटाला वेगळी लागेल. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर पाय भिजवणं आणि वज्री दोन्ही टाळा आणि भेगा डॉक्टरांना दाखवा. पाणी किती गरम आहे हे अशा पायाला कळत नाही.

पॅकेजचे पैसे भरून झाले असतील तर उरलेल्या बैठकी ‘संपवून टाकू’ म्हणून घेऊ नका. पावती, तो तक्ता आणि मेसेजवरचे दावे यांचे फोटो काढा, पैसे परत मागणारा मेसेज लेखी पाठवा, आणि उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पाय न घालता चालवलेल्या टबाचा व्हिडिओ मिळाला, तर तोही तक्रारीला जोडा.