क्रोन्सच्या फिस्टुलावर ‘कायमचा इलाज’: माझी फसवणूक कशी झाली

क्रोन्सच्या आजारामुळे (आतड्याच्या दीर्घकालीन दाहामुळे) गुदद्वाराजवळ फिस्टुला, म्हणजे आतून त्वचेपर्यंत पडलेला पू वाहणारा मार्ग, झालेल्या आणि त्यावर नुकतीच शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णांना हेरून ‘कायमचा इलाज’ विकणाऱ्या एका टोळीने मला फसवले. गेलेल्या पैशांपेक्षा फसवण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तिचा सारा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता. फिस्टुलाचे त्वचेवरचे तोंड मिटणे आणि आतला मार्ग भरून येणे या दोन निराळ्या घटना असून पहिली दुसरीच्या कितीतरी आधी घडू शकते, आणि पुष्कळदा दुसरी घडतच नाही. रुग्णाला दिसते ते फक्त बाहेरचे तोंड.

एरवी बहुतेक फिस्टुला गुदनलिकेतील एखाद्या ग्रंथीला संसर्ग होऊन तयार होतात. क्रोन्समध्ये मात्र दाह आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो आणि मार्ग पोखरतो, म्हणून दाह आटोक्यात आल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही. माझ्या बाबतीतही आधी भूल देऊन पू काढण्यात आला, मार्गातून सैल सीटन (पू निचरत राहावा म्हणून ठेवलेला दोरा) ओवण्यात आला, एमआरआय झाला आणि इन्फ्लिक्सिमॅब हे दाह आवरणारे औषध सुरू झाले. त्याची दुसरी मात्रा पहिलीनंतर 2 आठवड्यांनी, तिसरी पहिलीनंतर 6 आठवड्यांनी आणि त्यापुढची दर 8 आठवड्यांनी असते. गुदाशयातील दाह शमल्याची खात्री झाल्यावरच सीटन काढून आतले तोंड फ्लॅपने (जवळच्याच अस्तराच्या पडद्याने) झाकण्याची शस्त्रक्रिया झाली. बाहेरची जखम सर्जननी मुद्दाम उघडी ठेवली होती, कारण ती आतून वर भरत यायला हवी. वरून आधी मिटली तर आत पू कोंडतो.

हे सारे मला समजावून सांगण्यात आले होते आणि समजलेही होते. तरीही शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे माणसाला हळवे करून सोडतात. दर वेळी गॉज बदलताना त्यावरचा डाग कालच्यापेक्षा मोठा की लहान, पिवळा की लालसर, हे पाहिले जाते. एका कुशीवर टेकून बसण्याची सवय लागते, शौचाला जाण्याची भीती वाटते आणि कोमट पाण्यात बसल्यावर जो काही वेळ बरा जातो त्यावर सगळा दिवस काढावा लागतो. स्राव कधी थांबेल या प्रश्नावर डॉक्टर प्रामाणिकपणे नेमकी तारीख देऊ शकत नाहीत. ती तारीख देणारा माणूस नेमका याच काळात फोन करतो.

माझा क्रमांक त्याला कोठून मिळाला हे मला शेवटपर्यंत कळले नाही. त्याने स्वतःची ओळख ‘रुग्ण समुपदेशक’ अशी करून दिली. बोलणे अतिशय मृदू, प्रत्येक वाक्यात ‘ताई’, आणि आजाराची माहिती वरवरची नव्हती. सीटन किती काळ होता, कॅलप्रोटेक्टिन (शौचाच्या तपासणीतून दाह दाखवणारे प्रथिन) किती आले, मार्ग स्नायूच्या कोणत्या बाजूने जातो, असे प्रश्न त्याने विचारले. मग तो म्हणाला, “ताई, तुमचे डॉक्टर चांगलेच आहेत, पण ते दाह दाबतात, आपण मुळापासून काढतो.” डॉक्टरांची निंदा न करता त्यांना बाजूला सारण्याची ही हातोटी मला आजही विलक्षण वाटते. यानंतर कॅप्सूल, चूर्ण आणि बाहेरून लावण्याचे तेल असा संपूर्ण ‘कोर्स’, त्याचे पैसे एकरकमी आगाऊ, आणि गुण न आल्यास पैसे परत करण्याची लेखी हमी, असा प्रस्ताव आला.

सोबत काही नियम होते, आणि खरी फसवणूक त्या नियमांत होती. एमआरआय करायचा नाही, कारण त्याच्या ‘किरणांनी’ कोवळी जखम बिघडते असे सांगण्यात आले. वास्तविक एमआरआय चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींवर चालतो, त्यात क्ष-किरण नसतातच. आणि आतला मार्ग भरला की नाही हे पाहण्याचे सर्वांत भरवशाचे साधन तेच आहे. इन्फ्लिक्सिमॅब बंद करा असे तो कधीच म्हणाला नाही. पुढची मात्रा ‘थोडी लांबवा, म्हणजे औषधांची टक्कर होणार नाही’ एवढेच म्हणाला. डॉक्टरांना सांगण्याची घाई नको, गुण आल्यावर त्यांना आश्चर्याचा धक्का द्या, हेही होतेच. याशिवाय प्रत्येक लक्षणाचा अर्थ आधीच ठरलेला होता. स्राव वाढला की आतली घाण बाहेर पडते आहे, कमी झाला की मार्ग आकसतो आहे, आणि दुखले की नवे मांस भरते आहे. अशा मांडणीत औषध लागू पडत नाही असे दाखवणारी कोणतीही खूण शिल्लकच राहत नाही.

कॅप्सूल सुरू झाल्यावर मला बरे वाटले, हे नमूद करणे आवश्यक आहे. भूक लागू लागली, शौचाच्या खेपा कमी झाल्या, सांधे दुखायचे थांबले आणि पुढे बाहेरचे तोंडही मिटले. त्याने तत्काळ छायाचित्र मागवून घेतले आणि अभिनंदन केले. चेहरा मात्र गोल दिसू लागला होता, झोप उडाली होती, आणि बसताना एका बाजूला खोलवर दडपण जाणवत होते. ताप नव्हता. त्यामुळे ते दडपण ‘नवे मांस’ या खात्यात जमा झाले.

ते गळू होते. ठणका असह्य झाल्यावर रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील साखर वाढलेली निघाली, आणि एमआरआयमध्ये जुन्या मार्गाला नवा फाटा फुटून त्यात पू साठल्याचे दिसले. सर्जननी चेहऱ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला तो स्टेरॉइड कोण देते आहे हा. सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉल तपासले असता ते अगदीच कमी होते, म्हणजे बाहेरून येणाऱ्या स्टेरॉइडमुळे शरीराने स्वतःचे हार्मोन बनवणे जवळजवळ थांबवले होते. तपासणीला दिलेल्या कॅप्सूलमध्ये पुढे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आढळले. स्टेरॉइडने आतड्याचा दाह काही काळ दबतो, ताप आणि वेदनाही झाकल्या जातात. परंतु फिस्टुला त्याने बरा होत नाही, उलट पू होण्याचा धोका वाढतो. असे औषध घेत असल्याचा संशय आल्यास ते एकदम बंद करणेही घातक ठरू शकते, ही गोष्ट मला तेथेच कळली. मला हायड्रोकॉर्टिसोन (शरीरातील कॉर्टिसॉलची जागा भरून काढणारे औषध) देऊन ते हळूहळू कमी करावे लागले. ज्यांच्याकडे अशी पाकिटे आहेत त्यांनी ती कचऱ्यात न टाकता डॉक्टरांपुढे ठेवावीत.

गळू फोडून पुन्हा सीटन ओवला गेला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधी होते तेथेच मी परतले. लांबवलेली मात्राही महागात पडली. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये खंड पडला की शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करण्याची शक्यता वाढते. त्यामुळे औषध निष्प्रभ होऊ शकते किंवा पुन्हा देताना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून औषधाची रक्तातील पातळी आणि प्रतिद्रव्ये तपासूनच पुढचा निर्णय घ्यावा लागला.

पैसे परत मागितले तेव्हा हमीचा कागद पुन्हा नीट वाचला. ‘गुण’ म्हणजे बाह्य मुख बंद होणे, अशी व्याख्या त्यात बारीक अक्षरांत होती. माझेच छायाचित्र त्यांनी पुराव्यादाखल मला पाठवले! ताई हे संबोधन त्या दिवसापासून थांबले.

काही आठवड्यांनी निराळ्या क्रमांकावरून दुसऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. आधीच्या मंडळींनी मला फसवल्याचे त्यांना ठाऊक होते, सहानुभूती होती, आणि उपाय म्हणून फिस्टुलात मूलपेशींचे इंजेक्शन होते. ‘युरोपात मंजूर झालेले’ हा त्यांचा मुख्य मुद्दा. डारव्हॅडस्ट्रोसेल या मूलपेशी-उपचाराला युरोपीय संघात 2018 मध्ये क्रोन्सच्या फिस्टुलासाठी मंजुरी मिळाली होती, इतके खरे. परंतु नंतरच्या मोठ्या चाचणीत तो अपेक्षित फरक दाखवू शकला नाही, आणि 2024 मध्ये तो तेथील बाजारातून मागे घेण्यात आला. मूलपेशींवर संशोधन सुरू आहे, आणि नोंदणीकृत चाचणीत सहभागी होणे ही वेगळी बाब आहे. चाचणीतील उपचारासाठी रुग्णाकडून आगाऊ रक्कम मागितली जात असेल तर तेथेच थांबावे. मी चाचणीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीच्या मान्यतेची प्रत मागितली. दोन्ही पाठवतो असे सांगून त्यांनी फोन ठेवला, आणि पुन्हा केला नाही.

औषध नियंत्रकांकडे आणि ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे मी तक्रारी केल्या आहेत. त्यांत सर्वाधिक उपयोग झाला तो न उघडलेल्या एका पाकिटाचा, कारण फोडलेल्या पाकिटातील नमुन्यावर भेसळ नंतर झाल्याचा आक्षेप घेता येतो. पहिल्या ‘समुपदेशका’ने पाठवलेले संदेश पुसून टाकायला सुरुवात केली तोपर्यंत त्या संदेशांची बरीचशी छायाचित्रे माझ्या फोनमध्ये होती. मात्रा लांबवण्याचा सल्ला असलेला संदेश त्यांतच आहे. फोनवरचे बोलणे नोंदवलेले नसल्याने एमआरआयबद्दलचे त्याचे म्हणणे मला सिद्ध करता येत नाही. माझे छायाचित्र त्यांच्या जाहिरातीत ‘बरा झालेला रुग्ण’ म्हणून वापरले जात असल्याचे मध्यंतरी आढळले, तेव्हा त्यावरील तारीख आणि गळूच्या एमआरआयचा अहवाल एकत्र जोडून पुरवणी तक्रार दिली आहे. तिची सुनावणी अद्याप व्हायची आहे.