एलएलसी सप्लायची सेकंडरी: शॉटकी डायोड की सिंक्रोनस मॉसफेट?

एलएलसी रेझोनंट सप्लायमध्ये (इंडक्टर-कपॅसिटरच्या रेझोनन्सवर चालणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) प्रायमरीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या इनपुट बाजूचे, मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) झीरो व्होल्टेजला ऑन होतात, त्यामुळे तिथला स्विचिंग लॉस आधीच आटोक्यात असतो. 12 व्होल्ट, 20 अँपिअरचा सप्लाय बनवत असाल, तर पॉवरची खरी गळती सेकंडरीला, म्हणजे आउटपुट बाजूच्या रेक्टिफायरलाच सापडेल.

शॉटकी डायोडवर (कमी ड्रॉपचा डायोड) साधारण 0.5 व्होल्ट पडतात. 20 अँपिअरला 10 वॅट झाले, म्हणजे 240 वॅटमागे चार टक्के नुसते हीटसिंक तापवण्यात जातात. त्याच जागी 2 मिलिओहमचे सिंक्रोनस मॉसफेट, म्हणजे डायोडच्या वेळेनुसार ऑन-ऑफ केले जाणारे, लावले, तर 22 अँपिअर आरएमएस (उष्णतेच्या हिशोबातला परिणामकारक करंट) धरून जेमतेम 1 वॅट जातो. मॉसफेट ऑन-ऑफ करणाऱ्या गेट ड्राइव्हचा खर्च त्याहून बराच कमी.

पण हा 1 वॅट कागदावरचा. गेट चालवणारा कंट्रोलर ड्रेन-सोर्समधलं (मॉसफेटच्या करंट वाहणाऱ्या दोन टोकांमधलं) व्होल्टेज शून्याजवळ आलं की गेट बंद करतो, आणि टीओ-220 या लांब पायांच्या पॅकेजच्या पायांतलं इंडक्टन्स इथेच त्याला फसवतं. 5 नॅनोहेन्री धरा. 100 किलोहर्ट्झला करंट शून्याकडे जाताना त्यावर जवळजवळ 0.1 व्होल्ट तयार होतो. मॉसफेटचा स्वतःचा ड्रॉप तर पीकलाही 0.06 च. परिणामी 5 मायक्रोसेकंदांच्या अर्ध्या सायकलमध्ये गेट दीड मायक्रोसेकंद आधीच बंद होतं आणि उरलेला करंट मॉसफेटच्या आतच असलेल्या बॉडी डायोडमधून जातो. ड्रेनवर प्रोब लावलात की पल्सच्या शेवटी 0.7 व्होल्टची पायरी स्वच्छ दिसते. माझ्या पहिल्या बोर्डवर ती पाहूनच मला हीटसिंक का तापतोय ते उमगलं.

म्हणून 1 मिलिओहमच्या महाग मॉसफेटमागे धावू नका. रेझिस्टन्स जितका कमी, तितकं गेट लवकर बंद होतं. त्याऐवजी 1 नॅनोहेन्रीच्या आसपासचं एसएमडी (लांब पायांशिवाय बोर्डवर थेट सोल्डर होणारं) पॅकेज घ्या, म्हणजे तीच चूक अर्ध्या मायक्रोसेकंदावर येते. कंट्रोलरला ते व्होल्टेज दाखवणारे सेन्सचे ट्रॅक थेट मॉसफेटच्या पॅडवरून काढा. करंट उतरताना गेट व्होल्टेजही उतरवणारा कंट्रोलर मिळाला तर आणखी बरं.

48 व्होल्ट, 5 अँपिअरला मात्र मी डायोडच ठेवेन. ड्रॉप 0.8 व्होल्ट धरला तरी 4 वॅट, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आतच, आणि सर्किट कोणालाही दुरुस्त करता येतं. पंख्याशिवाय बंद डब्यात बसवायचा असेल, तर तेवढे 4 वॅटही जड जातात. तिथे 150 व्होल्टचे मॉसफेट लावा.