लिनक्सचा क्रिप्टो एपीआय : अल्गोरिदम बसवणाऱ्याच्या नजरेतून

नवा सायफर (डेटा कूटबद्ध करणारा अल्गोरिदम) किंवा हॅश (डेटाचा ठसा काढणारा) लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, घालायचा म्हटलं की गाठ तिथल्या क्रिप्टो एपीआयशीच पडते. २००२ मध्ये २.५.४५ आवृत्तीत आलेली ही यंत्रणा वापरायला वरवर सोपी आहे: एक स्ट्रक्चर भरा, रजिस्टर करणारं फंक्शन बोलवा, संपलं. अडचण एवढीच की तुमचं काही चुकलं तर ती बऱ्याचदा गप्प बसते.

आधी स्ट्रक्चरचा प्रकार निवडायचा: हॅशसाठी एसहॅश, मोडसकट (मोड म्हणजे ब्लॉकमागून ब्लॉक हाताळायची पद्धत) सायफरसाठी एसके-सायफर, डेटा बदललेला नाही हे पटवणारा ऑथेंटिकेशन टॅगही हवा असेल तर एईएडी. प्रत्येकात दोन नावं द्यावी लागतात. 'सीबीसी(एईएस)', म्हणजे सीबीसी मोडमधला एईएस सायफर, हे सगळ्यांचं सामाईक नाव, आणि ड्रायव्हरचं नाव फक्त तुमचं. ड्रायव्हरचं नाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर ई-एक्झिस्ट एरर लगेच मिळते. पण प्रायॉरिटीचं, म्हणजे प्राधान्याच्या आकड्याचं, तसं नाही. सामाईक नाव मागितलं की सगळ्यांत मोठ्या आकड्याचा कोड निवडला जातो. साध्या सी-मधल्या एईएसला १०० आहे, इंटेलच्या एईएस-एनआय सूचना वापरणाऱ्या सीबीसीला ४००. तुमच्या वेगवान कोडला चुकून ५० दिलेत तर सगळं सुरळीत चालेल, फक्त तुमचा कोड कधीच चालणार नाही. लॉगमध्ये त्याबद्दल एक ओळही येत नाही. म्हणून मॉड्यूल चढवल्यावर प्रॉक-मधली क्रिप्टो फाइल (/proc/crypto) उघडून ड्रायव्हर आणि प्रायॉरिटी डोळ्यांनी बघायचीच.

मॉड्यूलला अल्गोरिदमच्या नावाशी जोडणारा मॉड्यूल-एलियास-क्रिप्टो मॅक्रो विसरलात तर मॉड्यूल डिस्कवर असूनही आपोआप चढत नाही आणि मागणाऱ्याला ई-नो-एन्ट ('सापडलं नाही') मिळतो. हा मॅक्रो नावाला 'क्रिप्टो-' असा उपसर्ग लावतो. पूर्वी तो नव्हता, त्यामुळे एएफ-अल्ग सॉकेटवरून (बाहेरच्या प्रोग्रॅमना क्रिप्टो एपीआय वापरू देणारी वाट) सामान्य युजरलाही हवं ते मॉड्यूल चढवून घेता येत असे. सीव्हीई-२०१३-७४२१ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षा-त्रुटी ती हीच.

टेंप्लेट, म्हणजे एका अल्गोरिदमवरून दुसरा घडवणारा तयार साचा, हा मात्र या एपीआयचा सर्वांत देखणा भाग. नुसता ब्लॉक सायफर नोंदवा, सीबीसी आणि सीटीआर हे मोड फुकटात मिळतात. हॅश नोंदवा, एचमॅक (किल्ली घालून काढलेला हॅश) मिळतो. वेगळा सीबीसी लिहायचा तो एसआयएमडी (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) किंवा हार्डवेअरमुळे खरोखर वेग वाढत असेल तरच. आणि कोणता अल्गोरिदम लागणार हे कोड लिहितानाच ठरलेलं असेल, तर हा सगळा पसारा टाळून कर्नलच्याच लिब-क्रिप्टोमधली साधी फंक्शन्स थेट बोलवावीत. कर्नल ५.६ मध्ये आलेला वायरगार्ड हा व्हीपीएन तेच करतो.

मोड स्वतः लिहायचाच असेल तर खरी मेहनत वॉकमध्ये, म्हणजे डेटावरून फेरीफेरीने पुढे जाण्यात, आहे. डेटा सलग बफरमध्ये येत नाही, स्कॅटरलिस्टमध्ये (मेमरीत विखुरलेल्या तुकड्यांच्या यादीत) येतो. १६ बाइटचा ब्लॉक मेमरीच्या दोन पानांत ५ आणि ११ असा तुटलेला असू शकतो. तो जोडून द्यायचं काम एसके-सायफर-वॉक करतो. समजा एका फेरीत १०० बाइट मिळाले. तुम्ही ६ ब्लॉक, म्हणजे ९६ बाइट उरकता. आता वॉक-डनला आकडा सांगायचा तो ४, ९६ नव्हे. उरलेले सांगायचे, झालेले नाहीत. इथे अनेकजण घसरतात.

सीबीसीमध्ये शेवटचा सायफरटेक्स्ट ब्लॉक रिक्वेस्टच्या आयव्हीत (साखळी सुरू करणाऱ्या मूल्यात) लिहून ठेवावा लागतो. ते राहिलं तर एकसंध संदेश बरोबर जातो, तुकड्यांनी पाठवला की दुसऱ्या तुकड्यापासून कचरा. सीटीआरसारख्या स्ट्रीम मोडला ब्लॉकसाइझ १ आणि चंकसाइझ १६ द्या. ब्लॉकसाइझच १६ ठेवलात तर २० बाइटच्या संदेशात शेवटच्या ४ बाइटवर वॉक ई-इन्व्हॅल (चुकीचं इनपुट) देतो. ही चूक निदान बोलते तरी.

नोंदवलेला अल्गोरिदम तपासणाऱ्या टेस्ट-मॅनेजरबद्दल माझं मत दोन टोकांचं आहे. चालू असेल तेव्हा तो अप्रतिम. सविस्तर चाचण्या (जुन्या कर्नलमध्ये त्यांचं नाव 'एक्स्ट्रा टेस्ट्स') चालू केल्या तर रँडम किल्ल्या, वेडेवाकडे अलाइनमेंट, तुटक स्कॅटरलिस्ट असं सगळं देऊन तुमचं उत्तर साध्या सी-कोडच्या उत्तराशी ताडून बघतो. वर सांगितलेली आयव्हीची चूक इथे पकडली जाते. एसआयएमडी वापरता येत नाही अशी परिस्थितीही तो मुद्दाम उभी करतो, म्हणजे तुमची पर्यायी वाटही तपासली जाते. पण तुमच्या अल्गोरिदमची नोंद टेस्टच्या यादीत नसेल, तर 'नो टेस्ट फॉर' एवढी माहितीवजा ओळ छापून तो अल्गोरिदम वापरायला खुला करतो, आणि प्रॉक-मध्ये सेल्फटेस्टपुढे 'पास्ड' लिहितो! न दिलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र. जुन्या कर्नलमध्ये तर चाचण्या बंद ठेवणारा पर्याय मुळातच चालू असे. तेव्हा 'पास्ड' वाचून निश्चिंत होऊ नका. कर्नलचं कॉन्फिग आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) दोन्ही बघा. यादीत नोंद घालताना अक्षरक्रम पाळा, कारण शोध बायनरी सर्चने होतो.

वापरणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. स्टॅकवरचा बफर स्कॅटरलिस्टमध्ये देऊ नका. व्हीमॅप-स्टॅक (स्टॅकसाठी आभासी पत्त्यांची मेमरी वापरणारा पर्याय) चालू असलेला कर्नल त्याने कोसळू शकतो. आणि ई-इन-प्रोग्रेस म्हणजे अपयश नव्हे, काम अजून चालू आहे. ते अपयश समजून मेमरी सोडलीत की यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेल्या मेमरीचा वापर, ठरलेलाच.

वेग मोजायला टीक्रिप्ट हे मॉड्यूल आहे: मोड २००, सेकंद १ असं देऊन मॉडप्रोब (मॉड्यूल चढवणारी आज्ञा) केलं की एईएसचे आकडे डीमेसेजमध्ये येतात. शेवटी मॉडप्रोब 'रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल' म्हणून ओरडतो. घाबरू नका. काम संपल्यावर मॉड्यूल मेमरीत राहू नये म्हणून टीक्रिप्ट मुद्दाम ई-अगेन परत देतो. जिथे बोलायला हवं तिथे गप्प बसणारी ही यंत्रणा बोलते ती अशी, सगळं ठीक असताना.