बंदुकीचा आवाज: रेकॉर्ड करायचा, विकत घ्यायचा की घडवायचा?

दुसऱ्या महायुद्धावर गेम करताय, टीम चार-पाच जणांची आणि पैसे मोजके. बंदुकांच्या आवाजासाठी तीन वाटा आहेत: खऱ्या बंदुका चालवून रेकॉर्डिंग, तयार साउंड लायब्ररी, किंवा थरावर थर चढवून घडवलेला आवाज. तिन्ही करून झाल्यावर माझं मत असं की बार विकत घ्यावा, बंदुकीची खुटखुट (बोल्टसारख्या भागांचे आवाज) स्वतः रेकॉर्ड करावी आणि उरलेला वेळ अंतरानुसार बदलणाऱ्या आवाजावर घालवावा.

रेकॉर्डिंगचा मोह मलाही झाला होता. पहिल्या दिवशी नळीजवळ दोन मायक्रोफोन लावले, हेडफोनमध्ये सगळं झकास वाटलं. घरी येऊन फाइल उघडली तर प्रत्येक बाराचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट. रायफलच्या तोंडाशी आवाज १४० डेसिबलच्या बराच वर जातो. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर (ज्याच्या फाइलमध्ये मोठा आवाजही असा कापला जात नाही) असला तरी मायक्रोफोनच तेवढा दाब झेलत नसेल तर उपयोग शून्य. दुसरी अडचण जागेची. बार स्वतः काही मिलिसेकंदांचा असतो, पुढचा सगळा घुमारा भोवतालचा. रेंजवरचं छप्पर आणि मातीचा बांध त्या फाइलमध्ये कायमचे चिकटतात, आणि तुमचा सैनिक तर उघड्या शेतात उभा असतो. कोरी काडतुसं वापरून पैसे वाचवायचा विचार असेल तर सोडा. गोळीच नाही, म्हणजे तिची हवेतली चिरफाड नाही आणि बाराचा पोतही वेगळा.

लायब्ररीत ही डोकेदुखी दुसऱ्याने सोसलेली असते. मात्र विकत घेण्याआधी बघा: प्रत्येक मायक्रोफोनचा ट्रॅक वेगळा आहे का, एकाच बंदुकीचे निदान पाच-सहा सुटे बार आहेत का, लांबून घेतलेले आहेत का. मी घेतलेल्या एका संचात एम-१ गॅरंड या अमेरिकन रायफलच्या बारालाच ती प्रसिद्ध ‘टिंग’ जोडलेली होती. खरं तर आठवी गोळी सुटल्यावर रिकामी क्लिप (गोळ्या धरणारी धातूची पट्टी) उडते तेव्हाच ती वाजते. फाइलमध्ये दोन्ही एकजीव झाले की पहिल्या गोळीलाही टिंग, तिसऱ्यालाही टिंग. ती काढता काढता दोन दिवस गेले.

खुटखुट मात्र स्वतःच घ्या. बोल्ट (गोळी आत सारणारा, हाताने मागे-पुढे करायचा भाग) हलणारी, निकामी केलेली रायफल, शांत खोली आणि एक बरा मायक्रोफोन एवढंच लागतं. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलचा बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग दाबली जाते, म्हणून जोर पुढच्या ‘खट्’मध्ये असतो. जर्मन कार-९८के रायफलमध्ये तोच जोर दांडी वर उचलताना लागतो. डोळे मिटून ऐकलं तरी दोन्ही ओळखू येतात. बहुतेक गेममध्ये मात्र दोन्हींना एकच ‘खटॅक-खटॅक’ मिळतो.

घडवलेल्या आवाजाशिवाय तरणोपाय नसलेली जागा म्हणजे मशीनगन. जर्मन एमजी-४२ मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या झाडते, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांना एक. प्रत्येक बाराला दोन सेकंदांचा घुमारा असेल तर एका वेळी चाळीस घुमारे एकमेकांवर चढतात आणि नुसता चिखल होतो. म्हणून बार आखूड कापायचा आणि चाप सोडल्यावर घुमारा एकदाच वाजवायचा.

आता अंतर. खरी कमाई इथे आहे, आणि बजेट संपतं तेही इथेच. रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून वेगाने निघते. ३०० मीटरवरून कुणी तुमच्यावर झाडली तर आधी कानाशी ‘टच्च’ होतं आणि जवळपास अर्ध्या सेकंदाने लांबून ‘धप्प’ ऐकू येतं. थॉम्पसन या अमेरिकन सबमशीनगनची .४५ गोळी आवाजापेक्षा हळू जाते, तिला तो टच्च नसतोच. सगळ्या बंदुकांना एकच टच्च लावला की जाणकार खेळाडू हसतो. हे रेकॉर्ड करायला गोळीच्या वाटेजवळ मायक्रोफोन ठेवावा लागतो, लहान टीमने त्या फंदात पडू नये. टच्च लायब्ररीतून घ्या आणि एफमॉड किंवा वाइज या गेमचा आवाज जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अंतरानुसार धप्प मागे सरकवा. काम एका माणसाचं, आठवड्याभराचं.

गेम अठराव्या शतकातला असेल तर मात्र माझा सल्ला उलटा. ठासणीच्या चकमक-बंदुकीत आधी गारगोटीची खट्, मग रंजक (बाहेरच्या खळग्यातली पेटवणीची दारू) पेटल्याची फुस्स आणि मग धडाम. मधली ती फट सुट्या तुकड्यांतून जुळवायला गेलं की प्रत्येक वेळी मोजूनमापून ठेवल्यासारखी वाटते. इथे गोळी न भरता नुसती दारू उडवली तरी क्रम तोच राहतो, तेव्हा प्रतिकृती बाळगणारा परवानाधारक गाठा, कानात बोळे घाला आणि निदान वीस बार घ्या. त्यातले दोन-तीन फुसके निघतील. तेही जपून ठेवा, गेममध्ये लागतात.