बायपास सोडून गावात वळा: नारायणगावची मासवडी

पुण्याहून नाशिकला निघालात आणि बायपासने सरळ सुटलात, तर नारायणगाव कधी आलं नि कधी गेलं, कळत नाही. माझी पिकअप आहे, टोमॅटोची. आठवड्याला चार फेऱ्या याच रस्त्यावर होतात. तरी जेवायला मी जुन्या हायवेने गावातच वळतो, एसटी स्टँडच्या अलीकडच्या पत्र्याच्या हॉटेलात. सहा टेबलं, बाहेर पाण्याचा पिंप. बोर्डाचा रंग उडून अक्षरं गेलीत, पण कुणालाही "मासवडी कुठं मिळंल?" विचारा, बोट तिकडंच जातं.

मासवडी इथं सकाळी करून ठेवलेली नसते. हॉटेलवाल्या काकूंना करताना मी पाहिलंय. मिरची-लसणाच्या फोडणीत पाणी उकळलं की त्यात बेसन वैरायचं, गुठळी राहू न देता घोटायचं आणि झाकून दणदणीत वाफ काढायची. मग पोळपाटावर ओला पंचा पसरून तो गोळा त्यावर थापतात, गरम असतानाच. गार झाला की चिरा पडतात, म्हणून बोटं भाजली तरी काकूंचा हात थांबत नाही, मधून मधून फक्त पाण्यात बुडतो. त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, लसूण, कोथिंबीर. पंचाची कड उचलत गुंडाळी करायची आणि वरून तळव्याने दाबत आणायची, मध्ये उंच, कडेला निमुळती, माशासारखी. वड्या सुरीने कापतात. रस्सा काळा, झणझणीत, कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजून केलेला. वड्या रश्शात आधी सोडत नाहीत, वेगळ्या ताटलीत देतात. आपण एकेक बुडवायची. सोबत बाजरीची भाकरी. थाळी १६० रुपये, रस्सा मागाल तेवढा.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. भात दीडच्या आधी तयार नसतो, आणि हात धुवायच्या नळाला पाणी अगदी बारीक येतं. बायका-मुलांना घेऊन आलात तर आतल्या खोलीतलं टेबल मागून घ्या, तिथं पंखा आहे.

हॉटेल रिकामं दिसलं तर परत फिरू नका. पूर्वी इथं उभ्याने वाट बघावी लागायची. सगळा पुणे-नाशिक रस्ता दारातून जायचा आणि शेजारच्या वारूळवाडीपर्यंत गाड्यांची रांग लागायची. पाडव्याच्या सुमाराला गावोगावचे पंच आपल्या जत्रेतला खेळ ठरवून सुपारी द्यायला इथल्या तमाशाच्या राहुट्यांवर, म्हणजे फडांच्या तंबूंवर, येत, तेव्हा तर पायी माणूस गाडीच्या पुढं जायचा. एकदा मे महिन्यात सत्तर क्रेट घेऊन मी त्या रांगेत अडकलो. बाजारात पोचलो तेव्हा तळच्या क्रेटमधून रस गळत होता. म्हणून बायपास हवाच होता, हे मी हॉटेलवाल्या काकांच्या तोंडावर सांगतो.

काकांचा विरोध होता. बायपासच्या वादाच्या दिवसांत ग्रामसभा संपली की अर्धी सभा याच टेबलांवर येऊन बसायची. रस्ता गावातूनच रुंद करा म्हणावं, तर दोन्ही बाजूंच्या दुकानांवर नांगर. बाहेरून काढा म्हणावं, तर मीना नदीच्या अंगाची बागायत जाते. ज्याची द्राक्षबाग मधोमध चिरली जाणार तो आणि ज्याचं दुकान वाचणार तो, दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. संयुक्त मोजणी, ३अ ची अधिसूचना (जमीन घेणार असल्याची सरकारी सूचना), एकरी मोबदला, हे शब्द मी इथंच शिकलो.

पैसा गावाचा नव्हता. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, खेड ते सिन्नर चौपदरीकरणातला. ते काम एका खासगी कंपनीला 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीने दिलेलं. कंपनीने कर्ज काढायचं आणि बांधायचं. मोकळ्या माळावरचा रस्ता पटकन झाला. बायपास मात्र मागं राहिले, कारण जागेचे वाद तिथंच. २०१८ मध्ये त्या कंपनीचा मूळ वित्तसमूह कर्जाखाली कोसळला आणि उरलेल्या बायपासच्या निविदा नव्याने काढाव्या लागल्या. नारायणगावचा बायपास सुरू झाला जुलै २०२१ मध्ये.

आज मी त्यावरून जातो तेव्हा माल वेळेत पोचतो. जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या क्रेटला इथल्या बाजारात दोन हजारांच्या वर भाव गेला होता, तेव्हा वेळेची किंमत प्रत्येक शेतकऱ्याला कळली. पण काकांचं एक म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आज जास्त पटतं. ते सभेत म्हणाले होते, "नव्या रस्त्याचा हिशेब मांडताय, जुन्याचा कोण मांडणार?" सोडून दिलेला तुकडा राज्याकडे सोपवताना एकदा दुरुस्त करून देण्याची पद्धत आहे. त्यानंतरचे खड्डे, गटार, दिवे? कुठल्याही ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीत हायवेच्या रुंदीचा रस्ता सांभाळणं बसत नाही. जिथं जिथं आज बायपासची आखणी चाललीय, तिथल्या लोकांनी हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला लावावा. भूमिपूजन झाल्यावर तो कुणी ऐकत नाही.

काकांचा गल्ला पहिल्या वर्षी निम्म्यावर आला होता. आता सावरलाय, कारण गावातली माणसं परत येऊ लागलीत. रांगेच्या भीतीने जी म्हातारी माणसं रस्ता ओलांडत नव्हती, ती दुपारी इथं भाकरी खायला येतात. त्यांना गरम भाकरी आधी मिळते, आपल्याला नंतर. मला ते बरोबर वाटतं.

पुण्याकडून येताना बायपास सुरू होतो तिथं डावी-उजवी बघून जुन्या रस्त्याला लागा. दुपारी दोनच्या आत पोचा, त्यानंतर मासवडी संपते आणि पिठल्यावर भागवावं लागतं. पिठलंही चांगलंच असतं.