तालमीसाठी गादी घेताय? १२ बाय १२ मीटरच्या मॅटची पारख

कुस्तीची पूर्ण मापाची गादी १२ बाय १२ मीटरची येते. १ बाय २ मीटरचे फोमचे ७२ तुकडे, जाडी ६० मिलिमीटर, वर व्हिनाइलचं कव्हर, कव्हरवर ९ मीटर व्यासाचं वर्तुळ आणि वर्तुळाच्या आतल्या कडेला १ मीटर रुंदीचा रंगीत पट्टा. सातारा-सांगलीकडे वर्गणी किंवा फंडातून तालमीला गादी घ्यायचं ठरलं की पहिली बोलणी भावाची होतात. फोम कसला, हे विचारायचं राहून जातं, आणि पुढची सगळी रड तिथूनच सुरू होते.

बाजारात कुस्तीच्या नावाखाली तीन प्रकार खपतात. पहिला क्रॉस-लिंक पॉलिथिलीनचा, बंद पेशींचा (आतली बारीक छिद्रं एकमेकांना न जोडलेली) फोम. हा पाणी पीत नाही, दाबला की परत उठतो. महाग आहे, पण घ्यावा तर हाच. दुसरा रिबॉन्ड, म्हणजे फोमच्या कातरणाचा चुरा चिकटवून दाबलेला. घट्ट असेल तर कुस्तीला वाईट नाही, पण घाम आणि ओल शोषतो. कृष्णाकाठच्या गावांनी २०१९ चा पूर पाहिलाय. तिथे रिबॉन्ड भिजला तर तो वाळत नाही, आतून कुजतो. तिसरा प्रकार कराटे-तायक्वांदोची दातेरी, एकमेकांत अडकणारी मॅट. स्वस्त पडते म्हणून ही कुस्तीला अजिबात घेऊ नये. पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला पाडताना, गुडघा घासत जातो, तसे तिचे सांधे उघडतात आणि त्यात बोट अडकतं. शिवाय २०-४० मिलिमीटर जाडीवर कलाजंग, म्हणजे समोरच्याला खांद्यावर उचलून टाकायचा डाव, मारला तर खालच्याच्या खांद्याचं काही खरं नाही.

पारख करायला प्रयोगशाळा लागत नाही. नमुन्याचा एक तुकडा मागून घ्यावा. जड गटातल्या पैलवानाने त्यावर एका टाचेवर उभं राहावं. टाचेला खालची फरशी जाणवली तर माल नापास. पाय घोट्यापर्यंत रुतला तरी नापास, कारण रुतलेला पाय वळत नाही आणि अंग वळलं की गुडघ्याचं लिगामेंट जातं. मग हाताएवढा तुकडा वजन करून रात्रभर बादलीत बुडवून ठेवावा. सकाळी पुसून परत तोलावा; वजन चांगलंच वाढलं तर पेशी उघड्या आहेत, विक्रेता काहीही म्हणो.

गादी हवीच कशाला, असं जुनी वस्ताद मंडळी विचारतात. त्याचं उत्तर कराडजवळच्या गोळेश्वरातच आहे. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला उतरले तेव्हा मातीत घडलेला हा मल्ल गादीला आणि तिथल्या नियमांना सरावलेला नव्हता. फ्लायवेटमध्ये ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ढाक हा त्यांचा हुकमी डाव मातीतलाच होता. हेलसिंकीच्या दौऱ्यासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी ७,००० रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. आज तालमीत गादी असेल तर पोराला ती ओळख परदेशात जाऊन करून घ्यावी लागत नाही, एवढाच हिशेब आहे.

मातीत पायाची बोटं रुतवून उभं राहता येतं. गादीवर बूट घालून, पाय हलते ठेवून लढावं लागतं. मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती. गादीवर ३-३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. पट काढून खाली घेतलं की २ गुण, भारंदाजावर (खालच्याच्या कमरेला मिठी घालून) फिरवलं की आणखी २, वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला १, आणि फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पाय धरायला मुभा असलेल्या प्रकारात, १० गुणांचा फरक पडला की खेळ खलास. मातीत पोटावर पडून दम खायची सवय इथे महागात पडते. महाराष्ट्र केसरीला माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात. २०२२ ची स्पर्धा साताऱ्यातच झाली. मुलींसाठी तर गादीला पर्याय नाही. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत भरली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने घेतली. ज्या तालमीत फक्त जत्रेतल्या इनामी कुस्त्यांचीच पोरं आहेत, तिने मात्र हा पैसा खुराकावर घालावा.

जागा नसेल तर ८ बाय ८ मीटर, म्हणजे ३२ तुकडे, सरावाला पुरतात. तोटा एकच: कडेचा अंदाज येत नाही. पोरगं स्पर्धेत मागे सरकत बाहेर जातं आणि फुकट गुण देतं. अशा गादीवर एका कोपऱ्यात तरी ९ मीटर वर्तुळाची कमान रंगवून घ्यावी. भिंती आणि खांब कडेपासून लांब नसतील तर त्यांनाही फोम बांधावा.

टाकताना जमीन सपाट आणि कोरडी हवी. खाली जाड प्लास्टिकचा कागद, वर ओळींचे सांधे चुकवून तुकडे, चारी बाजूंनी लाकडी चौकट. चौकट नसली की महिन्याभरात तुकडे सरकतात आणि कव्हरखाली फटी पडतात. कव्हर ६५० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं धरलं तरी पूर्ण गादीला ९० किलोच्या वर जातं. सहा-आठ जणांनी मधून बाहेर ओढत ताणावं. उन्हाळ्यात व्हिनाइल सैल पडतं, तेव्हा परत ताणावं. सुरकुती राहिली की घोटा मुरगळतो. कव्हरचे जोड शिवलेले नकोत, गरम करून वेल्ड केलेले हवेत. शिवणीच्या भोकांतून घाम खाली उतरतो.

एकाच तालमीत हौदा (मातीचा आखाडा) आणि गादी असली की खरी परीक्षा सुरू होते. हौद्यातून तसंच गादीवर आलेल्या पोराच्या अंगावरची माती कव्हरला पॉलिश पेपरसारखी घासते, आणि तेलाचं अंग असेल तर पाय घसरतो. सकाळी माती, संध्याकाळी गादी, मध्ये आंघोळ, हा नियम वस्तादानेच लावावा. बूट गादीवरच चढवायचे. त्याच बुटाने रस्त्यावर फिरायचं नाही.

गजकर्ण तालमीत एकाला झालं की सगळ्यांना होतं. रोज आधी झाडू, मग साध्या ब्लीचचं पाणी: ५ टक्क्यांचं ब्लीच लिटरला १० मिली. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसून वाळवायचं. द्रावण रोज ताजं करावं, कालचं निकामी होतं. त्यात फिनेल किंवा ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. पावसाळ्यात अधूनमधून कव्हर उघडून तुकडे उभे करून वारा द्यावा. उंदरांनी फोम कुरतडलाय का तेही तेव्हाच कळतं. फाटलं तर त्याच व्हिनाइलचं ठिगळ पीव्हीसीच्या गोंदाने लावावं, कोपरे गोल कापून, कारण टोकदार कोपरा बुटाने उचकटतो.

माल उतरवताना तुकडे मोजून, दोन-चार ठिकाणी पट्टी लावून जाडी बघून मगच पोचपावतीवर सही करावी. बिलावर फोमचा प्रकार, जाडी आणि कव्हरचं वजन लिहून घ्यावं. नुसतं ‘कुस्ती मॅट, १ नग’ असं बिल असेल तर पुढे भांडायला हातात काही राहत नाही.