जुन्या घराला पुढून पडवी जोडली, नऊ महिन्यांचा अनुभव आणि पूर्ण खर्च

आमचं घर कोकणात, देवरुखच्या बाजूला, १९८४ साली बाबांनी बांधलेलं. त्याआधीचं आजोबांचं घर कौलारू होतं, अंगण, पडवी, ओटी, माजघर अशी सगळी रचना असलेलं. बाबांनी स्लॅबचं बांधलं तेव्हा पडवी काढूनच टाकली, तेव्हा सगळे तसंच करत होते, शहरातल्या बंगल्यासारखं दार उघडलं की थेट हॉल. चाळीस वर्षं आम्ही पावसाळ्यात त्याचा त्रास काढला. दार पश्चिमेला, पाऊस नैर्ऋत्येकडून येणार, म्हणजे दार उघडलं की झड थेट सोफ्यापर्यंत. ओल्या छत्र्या हॉलमध्ये, चपला गोणपाटावर, पाहुणा आला की आधी फडकं शोधा. आईचं वय आता ७४, तिचा पाय दोनदा ओल्या लादीवर घसरला तेव्हा ठरवलं की या वर्षी पडवी करायचीच.

फेब्रुवारी २०२५ ला काम सुरू केलं. आता २०२६ चा फेब्रुवारी संपत आला, म्हणजे एक अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी आणि थंडी असा सगळा वापर झालाय, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

माप आतून १२ बाय ७ फूट, म्हणजे ८४ चौरस फूट. आधी कॉन्ट्रॅक्टरने तोंडी २ लाख ४० हजार सांगितले होते. शेवटी झाले ३ लाख ५७ हजार. म्हणजे चौरस फुटाला ४,२५० रुपये पडले, आणि याच माणसाने आमच्या चुलतभावाला नवीन घराचा दर २,२०० सांगितला होता. सुरुवातीला मला वाटलं आपल्याला फसवलं, पण बिलं मांडून बसलो तेव्हा लक्षात आलं की तसं नाहीये. छोट्या कामाला गवंडी, गडी, टेम्पोची फेरी, परांची हे सगळं तेवढंच लागतं, फक्त ते कमी फुटांवर वाटलं जातं. आणि दुसरं, जे जास्त महत्त्वाचं, पैसा भिंतींवर गेलाच नाही फार, पैसा गेला जुनं आणि नवं जिथे भेटतं तिथे.

आकडे देतो. पाया, चौथरा आणि भराव ६२ हजार. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत आणि आतून गिलावा ५८ हजार. छपराचा सांगाडा आणि कौलं चढवणं ७१ हजार. दार, जाळी, खिडक्या ६८ हजार. लादी आणि नवीन पायऱ्या २४ हजार. लाईटचं काम १४, रंग १९, इंजिनिअरचा नकाशा आणि तीन-चार भेटी १२ हजार. जुनी गटाराची पाइप आणि नळाचा मीटर पुढे सरकवायला साडेअकरा हजार, हे कोणाच्याच हिशोबात नव्हतं. पन्हळी ८ हजार आणि नंतर गळती काढायला साडेनऊ हजार. यात कौलांची किंमत धरलेली नाही कारण आजोबांच्या घराची मंगलोरी कौलं परसात रचून ठेवलेली होती, दोनशेच्या आसपास लागली. ती विकत घ्यावी लागली असती तर आकडा अजून वर गेला असता. सिमेंटवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, त्यामुळे आता करणाऱ्यांना तेवढा फरक मिळेल.

आता पायाबद्दल, कारण इथे आम्ही थोडक्यात वाचलो. गवंडी म्हणाला जुन्या भिंतीत दाते काढून नवी भिंत गुंफून टाकतो, एकदम मजबूत होईल. इंजिनिअरने साफ नाही सांगितलं. जुना चौथरा चाळीस वर्षांत जेवढा बसायचा तेवढा बसलाय, नवा अजून बसणार आहे, दोघांना बांधून टाकलं की नवा खाली जाताना जुन्याला ओढणार आणि तडा जाणार तो हॉलच्या भिंतीला. म्हणून दोन्हींच्या मध्ये थर्माकोलची पट्टी घालून अर्ध्या इंचाची फट ठेवली आणि वरून लवचिक सीलंट भरलं. पावसाळ्यानंतर त्या फटीत केसाएवढी रेघ दिसायला लागलीय, म्हणजे नवा भाग खरंच थोडा बसला. हॉलच्या भिंतीला काही नाही. त्या १२ हजार फीमधला हा एकच सल्ला सगळे पैसे वसूल करून गेला असं मी मनापासून म्हणेन.

छपराचं गणित सगळ्यात किचकट. आमच्या दारावर जुना सिमेंटचा छज्जा आहे, मला वाटलं त्याच्या खालून छप्पर काढलं की झालं, जोडावर आपोआप छत्री. पण कौलांना उतार लागतो, सात फुटांत साडेतीन फूट उतरायचं, छज्ज्याच्या खालून सुरू केलं असतं तर पुढच्या टोकाला वाकून चालावं लागलं असतं. म्हणून छज्ज्याच्या वरून, स्लॅबच्या जवळून, भिंतीकडे दहा फूट आणि पुढे साडेसहा फूट अशी उंची धरली. छज्जा आता पडवीच्या आत आलाय. तो तोडायचा विचार होता पण हातोडे मारून जुन्या तुळईला हादरे नकोत म्हणून ठेवला आणि त्याच्याखाली दोन दिवे लावले, रात्री छान दिसतं. पुढची बाजू बसकी असल्यामुळे दार तिथे बसतच नव्हतं, ते उत्तरेच्या बाजूला घेतलं. हे नाइलाजाने झालं खरं, पण अख्ख्या कामातला सगळ्यात चांगला निर्णय हाच ठरला, कारण पाऊस आता दारात येतच नाही.

गळतीबद्दल सांगतो. कौलं जिथे जुन्या भिंतीला टेकतात तिथे गवंड्याने नुसता सिमेंटचा वाटा (जोडाच्या कोपऱ्यात तिरका भरलेला लेप) मारला. मी विचारलं होतं, तो म्हणाला आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो. काम जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवायचं ठरलं होतं आणि आठवत असेल तर त्या वर्षी मान्सून २५ मेलाच तळकोकणात आला, त्याच्या आधीपासूनच धो धो सुरू होता. आमची दोन ओळी कौलं चढायची बाकी, रंग बाकी, अंगणात रेतीचा ढीग वाहून चाललेला. ताडपत्री टाकून कसंबसं काम उरकलं. जूनच्या मध्यावर वाट्याला चीर गेली आणि भिंतीवरून पाणी सरळ आत, नवीन गिलाव्यावर ओघळ. लोखंडी सांगाडा ऊन-पावसाने हलतो, भिंत हलत नाही, सिमेंट मध्ये फाटणारच. मग भर पावसात भिंतीत चर कापून त्यात ॲल्युमिनियमचा पत्रा घुसवला, तो कौलांवर वाकवून आणला आणि चर वरून बंद केली. त्यानंतर एक थेंब नाही. हे आधी केलं असतं तर निम्म्या पैशात झालं असतं, कारण परांची तेव्हा उभीच होती.

दुसरी चूक माझी स्वतःची. कौलांखाली पत्रा घालू का, म्हणजे कौल फुटलं तरी गळणार नाही, असं फॅब्रिकेटरने (लोखंडी सांगाडा करणाऱ्याने) विचारलं होतं, मी पैसे वाचवायला नको म्हटलं. आमच्याकडे माकडांचा त्रास किती आहे ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको. ऑक्टोबरात एक टोळी आली, सहा कौलं फुटली, बारा सरकली. परत नोव्हेंबरात. आता जुनी कौलं उरलीत पंधरा-सोळा.

उजेडाचाही विचार आधी करा. पडवी झाली आणि हॉल इतका अंधारला की दिवसा ट्यूब लावायला लागली, आईला पेपर वाचता येईना, ती काही बोलली नाही पण खुर्ची उचलून पडवीत नेऊन बसायला लागली. मग चार काचेची कौलं बसवली, बऱ्यापैकी फरक पडला. भिंत तीन फूटच चिऱ्याची आहे, वर सगळी जाळी, त्यामुळे वारा अडला नाही. पॉलिकार्बोनेटचं छप्पर ९५ हजारात करून देतो असं एकाने सांगितलं होतं, ते घेतलं नाही याचं समाधान आहे, एप्रिलच्या उन्हात त्याच्याखाली बसवत नाही.

नैर्ऋत्येचा कोपरा मात्र ओल धरतो. बाहेरून चिरा उघडा ठेवलाय, फक्त दरजा (दगडांमधल्या फटी) भरल्यात, दिसायला फार सुंदर पण चिरा पाणी पितो. ऑगस्टमध्ये शेवाळ आलं. सिलिकॉनचं कोटिंग मारायला हवं, दर दोन-तीन वर्षांनी मारावं लागेल असं म्हणतात.

परवानगीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज आणि नकाशा दिला, नंतर नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) वाढीव बांधकामाची नोंद झाली आणि घरपट्टी थोडी वाढली. हे टाळू नका, पुढे कर्ज किंवा वाटणीच्या वेळी अडतं.

वापराचं म्हणाल तर आता घरातली सगळ्यात वापरती जागा हीच आहे. २७ ऑगस्टला गणपती बसले, बाहेर मुसळधार, आणि आरतीला तीस-पस्तीस माणसं, सगळ्यांच्या छत्र्या-चपला पडवीत आणि हॉलची लादी कोरडी. भजनी मंडळाची अर्धी माणसं पडवीतच बसली. एरवी दुपारी आई तिथे सुपाऱ्या सोलते, कुरिअरवाला पार्सल आत ठेवून जातो, शेजारच्या काकू दाराबाहेरूनच बोलून जायच्या त्या आता टेकतात, तासभर बसतात. पडवीची लादी हॉलपेक्षा सहा इंच खाली घेतलीय आणि त्या पायरीला हाताला धरायचा दांडा लावलाय, तो आईला फार उपयोगी पडतो. खरा उंबरठा अजून जुनाच, सागवानी दाराचा. रांगोळी आई तिथेच काढते, आणि या पावसाळ्यात ती पहिल्यांदा धुऊन गेली नाही.

आता एप्रिलमध्ये कौलं उतरवून खाली पत्रा घालायचाय. फॅब्रिकेटरने १६ हजार सांगितलेत, मजुरी धरून. या वेळी २० मेच्या आत काम संपवायचं असं कागदावर लिहून घेतलंय.